आक्कांची उरलेली ओवी

लोणीच्या आक्कांनी रेडिओवर बोलत असलेल्या माणसाला कधीही मध्येच बंद केले नाही. गाणे असेल तर ते संपेपर्यंत, बातम्या असतील तर निवेदक नमस्कार म्हणेपर्यंत, आणि भाषण असेल, मग ते कुठल्या दूरच्या प्रांतातील तागाच्या पिकाविषयी का असेना, वक्त्याचे शेवटचे वाक्य पूर्ण होईपर्यंत त्यांचा हात बटणाकडे जात नसे. वाक्य संपले की त्या डोक्यावरचा पदर सारखा करीत, "बरं, या आता," असे देवळीतल्या त्या पेटीला म्हणत आणि मग बटण फिरवीत. चुलीवर दूध उतू जात असले तरी हा क्रम चुकत नसे. "दूध काय, उद्या पुन्हा निघंल," त्या म्हणत. "बोलत्या मानसाच्या तोंडावर हात ठिवला, तर ते बोलनं कुठं जाऊन बसंल?"

मी आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील त्या गावी संस्कृतचा शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा आक्कांच्या घराची रस्त्याकडची खोली मला राहण्यास मिळाली. आक्का माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. यजमान निवर्तलेले, एक मुलगा, विहिरीखालची बऱ्यापैकी शेती. सारे गाव त्यांना आक्काच म्हणत असे, वयाने मोठी माणसेसुद्धा. माझ्या खोलीच्या आणि त्यांच्या माजघराच्या मधल्या भिंतीत ती देवळी होती, आणि त्या देवळीत, कशिद्याच्या रुमालाखाली, त्यांचा रेडिओ. त्यामुळे माझी पहाटेची संध्या, पाठ आणि अध्ययन ही सारी त्या आवाजाच्या शेजाराने झाली. आरंभी मला त्याचा त्रास होई. पुढे सुट्टीत जुन्नरला माझ्या घरी गेलो की झोप लवकर उघडे आणि काहीतरी चुकल्यासारखे वाटे.

त्यांचा दिवस दिल्लीच्या कार्यक्रमांवर मांडलेला असे. पहाटेच्या सनईला सडा, संस्कृत बातम्यांना चूल, हिंदी बातम्यांना भाकरी. दुपारी उर्दूतील मुलाखत लागली की निवडायला घेतलेली मटकी, आणि संध्याकाळी संसदेत दिवसभर काय झाले ते सांगणारा गृहस्थ आला की देवापाशी दिवा. पुणे केंद्रावरची कीर्तने, नाटिका, शेतीविषयक संवाद हेही त्या ऐकत, पण जावयाचे घरी जसे ऐकावे तसे, थोड्या तुटकपणे. दिल्ली लागली की त्यांची पाठ सरळ होई. शेजारचे दगडूभाऊ ओट्यावरून जाता जाता विचारीत, "काय आक्का, दिल्ली काय म्हनती?"

"दिल्ली म्हनती, दगडूनं परवा नेलेलं घमेलं अजून आलं नाय."

"मंग दिल्लीला म्हनावं, दगडूचा कोबा ऱ्हायलाय अजून."

"सांगते. पर दिल्ली थांबायची नाय लई."

ज्या भाषा त्यांना कळत नसत त्याही त्या तितक्याच एकाग्रतेने ऐकत. एकदा मी विचारले, "आक्का, हे तुम्हांला काय उमगते?" त्या म्हणाल्या, "बोलनं नाय कळत गुरुजी. पर मानूस कळतं. ह्यो आज घाईत हाय. घरी कोन तरी वाट बघत आसंल." एका थंडीत बातम्या सांगणाऱ्या एका बाईंचा आवाज बसलेला होता. आक्का तीन सांजा अस्वस्थ होत्या. "हिला कोन काढा देतं का नाय तिकडं? आल्याचा तुकडा तरी तोंडात धरावा." चौथ्या दिवशी बाईंचा घसा मोकळा झाला, तेव्हा आक्कांनी मला बोलावून ते ऐकवले आणि गुळाचा खडा हातावर ठेवला.

संस्कृत बातम्यांच्या आरंभी येणारा 'श्रूयन्ताम्' हा शब्द त्यांना फार आवडे. त्याचा अर्थ त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारला. मी वर्गात सांगतो तसे सांगितले, की हा कर्मणि प्रयोग आहे. यात 'तुम्ही ऐका' अशी आज्ञा येत नाही, वार्ता ऐकल्या जाव्यात एवढीच इच्छा येते. ऐकणाऱ्याचे नावसुद्धा घेतलेले नसते. आक्का म्हणाल्या, "म्हंजी दारात हुबं ऱ्हाऊन, कुनाचं नाव न घेता, 'आलोय' म्हनून सांगायचं. आदबीचा हाय शबूद." दुसऱ्या दिवसापासून जेवणाची वेळ झाली की भिंतीपलीकडून हाक येऊ लागली, "गुरुजी, भाकरी श्रूयंताम्."

"आक्का, भाकरी ऐकत नसतात."

"मंग थापायचा आवाज आयकून तुमी पोथी कशापायी मिटिता?"

माझ्या शिक्षणातील कुठलाही प्रयोग इतक्या नेमाने रोजच्या व्यवहारात उतरलेला मी अन्यत्र पाहिला नाही.

त्यांच्या या रेडिओच्या मर्यादेची खरी परीक्षा मुलाच्या, बाळासाहेबाच्या, सोयरिकीच्या वेळी झाली. पारगावचे पाहुणे मुलीची बोलणी करायला आले होते. चहा झाला, मंडळी सावरून बसली, आणि मुलीच्या वडिलांनी घसा साफ केला. त्या वेळी देवळीतून कोणी विद्वान हिंदीत समुद्रातील प्रवाहांविषयी बोलत होते. सोबतच्या एका थोराड पाहुण्याने म्हटले, "आक्का, त्येला जरा गप करा की. बोलायचं हाय."

आक्का हात जोडून म्हणाल्या, "थांबा पावनं. त्ये तुमच्या आधी आल्यात. त्यांचं होऊ द्या."

सगळी बैठक समुद्रातील प्रवाह ऐकत बसली. थोराड पाहुण्याचा चेहरा उतरला. मला वाटले, सोयरीक मोडली. विद्वानांचे संपले, आक्कांनी त्यांना निरोप दिला, बटण फिरवले आणि मग पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "हां, बोला आता. तुमचंबी कोन तोडनार नाय." लग्न ठरले. पुढे त्यांची सून सुमन मला एकदा हसत म्हणाली, "आमचं आण्णा तवा घरी येऊन आईला म्हनलं, ज्या घरात रेडूचं बोलनं मधी तोडत नाय, त्या घरात आपल्या पोरीचं कोन तोडील? द्यायची तिथंच."

रेडिओ बिघडला की आक्का तो शालीत गुंडाळून एस.टी.ने मंचरला नेत. तिथे बाजारात रशीदभाईंचे दुरुस्तीचे छोटे दुकान होते. एकदा मी सोबत होतो. रशीदभाईंनी पेटी उपडी ठेवून मागची झडप उघडली, तसा आक्कांनी पुढे हात केला. "आरं भाऊ, उपडं नको ठिवू. आत मानसं हायत."

"फिकीर नको आक्का," रशीदभाई पेचकस न थांबवता म्हणाले, "आतल्या समद्यांना मी चहा पाजून भायेर बाकड्यावर बसवलंय. काम झालं की परत आत घालतो. एक दिल्लीवाला मातुर दुसरा कप मागतोय."

"दे त्याला," आक्का म्हणाल्या. "त्याच्याकडं माझं काम हाय."

हे काम कोणते, ते त्यांनी मला पुष्कळ उशिरा सांगितले. माझी बदली जुन्नरला झाली होती आणि मी सामान बांधीत होतो. त्या उंबऱ्यावर बसून बोलल्या.

आक्का या घरात नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा त्यांना सासू नव्हती. थोरली जाऊ तान्हूबाई, तिनेच त्यांना वाढवले म्हणावे इतक्या त्या लहान होत्या. दोघी एका जात्याच्या दोन बाजूंना बसत. तान्हूबाईचा गळा पंचक्रोशीत नावाजलेला. एकदा पुण्याहून रेडिओची गाडी आली आणि मंडळींनी जात्यापाशी यंत्र ठेवून तान्हूबाईच्या ओव्या घेतल्या. जात्याची घरघरही त्यात आली पाहिजे, म्हणून आक्का जाते ओढीत राहिल्या. तान्हूबाईने देवाच्या गायिल्या, आईबापाच्या, भावाच्या गायिल्या, आणि शेवटची ओवी कोणाला न सांगता धाकट्या जावेच्या नावाने गायिली. "माझं नाव घिऊन," आक्का म्हणाल्या. "हौसा म्हनून."

काही आठवड्यांनी ते गाणे लागले. गावात तेव्हा चावडीवर एकच रेडिओ. सारी आळी जमली. देवाच्या ओव्या झाल्या, आईबापाच्या झाल्या, भावाची अर्ध्यात आली, आणि दिल्लीच्या बातम्यांची वेळ झाली. निवेदकाने सौम्य स्वरात सांगितले, की वेळेअभावी हे गीत इथेच थांबवीत आहोत, उरलेला भाग पुन्हा केव्हातरी ऐकवू. मग दिल्ली लागली. लोक हळहळले. तान्हूबाई मात्र शांतपणे उठली आणि म्हणाली, "सांगितलंय न्हवं त्यानं, पुन्ना लावतो म्हनून. चला, गुरं पान्यावर न्यायचीत." पुढच्या सुगीच्या आत ती तापाने गेली. तिचे छायाचित्र नाही. यजमानांनी आक्कांसाठी रेडिओ आणला तो त्यानंतर.

"दिल्लीनं तोडलंय," आक्का मला म्हणाल्या, "तर दिल्लीच जोडील. म्हनून दिल्ली सोडत नाय मी. कवा लावतील, काय नेम? इकडं मी बटन फिरवायची आन् तिकडं त्यांनी लावायचं." मग म्हणाल्या, "आई गेली, भाव गेलं, ह्ये गेलं. आता मला हौसा म्हननारं मानूस ऱ्हायलं नाय गुरुजी. समद्या गावाची आक्का झाले. एकदा तिच्या तोंडनं आयकावं, येवढंच हाय."

ती ओवी काय होती, असे मी विचारले. त्या मानेनेच नाही म्हणाल्या. "लागंल तवा आयका."

आमच्या शास्त्रात वाक्याचा अर्थ पूर्ण होण्यासाठी जी साधने सांगितली आहेत, त्यांत आकांक्षा हे पहिले. एक पद उच्चारले की ते दुसऱ्या पदाची वाट पाहते. ते पद येईपर्यंत ऐकणाऱ्याचे मन मिटत नाही. हे मी पुष्कळ मुलांना शिकवले. निवेदकाचे 'पुन्हा केव्हातरी' हे केवळ उपचाराचे शब्द होते, हे मला कळत होते. दारातून जाणाऱ्याने 'येतो' म्हणावे तसे. आक्कांनी मात्र त्याला आप्तवाक्य मानले, दिलेला शब्द मानला, आणि त्या तुटलेल्या ओवीच्या आकांक्षेत अर्धे आयुष्य काढले. त्याच आकांक्षेपोटी त्यांनी जगातील कोणत्याही माणसाचे वाक्य आपल्या हाताने तुटू दिले नाही. त्यांना खरे काय ते सांगावे, असे मला कधी वाटले नाही. त्या ज्या अर्थाने तो शब्द ऐकत होत्या, तोच त्याचा खरा अर्थ असावा, असे मला वाटू लागले होते.

वर्षे गेली. मी निवृत्त होऊन जुन्नरला स्थिरावलो. वर्षातून एक-दोनदा लोणीला जाणे होई. बाळासाहेबाचा ऊस पारगावच्या कारखान्याला जाऊ लागला, घरावर स्लॅब आला, देवळी मात्र सुमनने भिंतीत तशीच ठेवून घेतली. आक्कांचे कान मंद होत चालले होते. यंत्र लावून पाहिले, त्यांना ते सोसले नाही. त्या रेडिओच्या पेटीवर तळहात ठेवून बसू लागल्या. "थरथर लागती हाताला," त्या म्हणत. "गानं हाय का बोलनं हाय, येवढं कळतं. बाकीचं सुमन सांगती." पण दर भेटीत मला त्यांच्या डोळ्यांत एक भीती दिसे. ओवी लागेल, आणि आपल्याला ऐकू येणार नाही.

आणि एके दिवशी रेडिओवर सांगितले, की उद्या सकाळपासून सायंकाळपर्यंत दिल्लीहून देशाच्या सर्व प्रांतांतील जुनी ध्वनिमुद्रणे ऐकवली जातील. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने निघालो. नारायणगाव, मंचर करीत लोणीला पोहोचलो, तो आक्का स्नान करून, इरकली लुगडे नेसून देवळीपाशी बसलेल्या. सुमनने नवे सेल घातले होते.

"श्रूयंताम्, गुरुजी," त्या म्हणाल्या. आवाज आता मोठा झाला होता, कमी ऐकू येणाऱ्यांचा होतो तसा.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. वेदपाठाने आरंभ झाला. मग नावाड्यांची गाणी आली, कुठल्या वाळवंटातील कमायचा हे तंतुवाद्य आले, कोणा वृद्ध शिक्षकाच्या आठवणी, एक लहान नाटिका, मळ्यांतील पाने खुडणाऱ्या बायकांचे गाणे, दुपारच्या बातम्या, एका शास्त्रज्ञाची मुलाखत. मी प्रत्येक गोष्ट आक्कांच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होतो. त्या मान डोलवीत आणि विचारीत, "आपलं आलं का?"

"नाही आक्का. आता पूर्वेकडचे लोक गात आहेत."

"गाऊ द्या. त्यांचीबी कुनाची तरी ऱ्हायली आसंल."

जेवायला त्या उठल्या नाहीत. सुमनने ताट तिथेच आणले. उन्हे कलली, तेव्हा निवेदिकेने हिंदीत सांगितले, की आता महाराष्ट्रातील जात्यावरचे गीत. गावाचे नाव नाही, गाणारीचे नाव नाही. आणि घरघर सुरू झाली.

सुमन माझ्याकडे पाहत राहिली. मी आक्कांच्या कानाशी गेलो, पण सांगावे लागले नाही. त्यांचा तळहात पेटीवर होता, आणि त्यांचे शरीर त्या घरघरीच्या लयीत मागेपुढे होऊ लागले होते. "माझा हात हाय त्यो," त्या म्हणाल्या. "मी वढतीया."

तान्हूबाईचा आवाज मी प्रथमच ऐकत होतो. दाणेदार, मोकळा, शब्दाच्या शेवटी किंचित वर जाणारा. देवाच्या ओव्या झाल्या. आईबापाच्या झाल्या. आक्का डोळे मिटून होत्या. त्यांचे ओठ हलत होते. भावाची ओवी सुरू झाली, आणि तिच्या मध्यावर तो आवाज हळूहळू दूर जाऊ लागला. निवेदिकेने त्यावरूनच पुढच्या प्रांताचे नाव घेतले, आणि जोरात ढोल सुरू झाला.

सुमनच्या तोंडून शब्द निघणार होता. मी हात वर केला. कारण आक्का थांबल्या नव्हत्या. पेटी ढोलाने थरथरत होती, त्यांचा तळहात तिच्यावर तसाच होता, आणि त्यांच्या ओठांवरचे शब्द आता ऐकू येऊ लागले होते. भावाची ओवी त्यांनी पुरी केली. मग क्षणभर श्वास घेतला, आणि आपल्या थरथरत्या, बेसूर, मोठ्या झालेल्या आवाजात शेवटची गायिली:

सुपामंदी उरलं, बाई, जोंधळं मूठभर
हौसा माझी धाकली जाऊ, तिच्या हाती देते घर

डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आलं का वो नाव?"

मी त्यांच्या कानाशी गेलो. जे घडले तेच मला सांगायचे होते, आणि त्या घरात ते नाव उच्चारले गेले होते, त्यात असत्य काही नव्हते. म्हणालो, "आलं. अगदी स्पष्ट आलं, हौसाआक्का."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. ढोल चालूच होता. थोड्या वेळाने त्यांनी तळहाताकडे पाहिले, मग पेटीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला ओळखीचे ते किंचित हसू आले.

"ढोल कुठला म्हनायचा ह्यो? जात्याच्या गान्यात ढोल नव्हता."

"पाहुण्यांनी आणलाय, आक्का."

"मंग वाजू द्या," त्या म्हणाल्या. "लांबनं आलं आसतील. मधी बंद नका करू."

ढोल संपेपर्यंत आम्ही तिघे बसून राहिलो.

त्याच हिवाळ्यात आक्का गेल्या. निरोप मिळताच मी निघालो, तरी पोहोचेपर्यंत दुपार झाली. अंगणात माणसे जमलेली, बायका माजघरात. देवळीत रेडिओ लागलेला होता. सकाळी त्यांनीच लावलेला, तेव्हापासून कोणाचे लक्ष गेले नसावे. कोणी प्राध्यापक मधमाश्यांविषयी बोलत होते. पारगावहून आलेल्या, सुमनच्या माहेरच्या एका वयस्क बाईंनी ते ऐकले आणि संकोचून बटणाकडे हात नेला.

सुमन आक्कांच्या उशाशी बसली होती. रडून तिचा आवाज बसलेला. ती म्हणाली, "आत्या, थांबा. बोलत्यात त्ये."

बाईंनी हात मागे घेतला. सारे माजघर मधमाश्यांविषयी ऐकत बसले. प्राध्यापकांनी आपले शेवटचे वाक्य पूर्ण केले, श्रोत्यांचे आभार मानले. मग सुमन उठली, तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, देवळीपाशी गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बरं, या आता."

आणि तिने बटण फिरवले.